दशांश ग्रॅमचे परावलंबन

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या मेडिसिन वॉर्डात एक ऊसतोड कामगार दाखल झाला. वय चाळिशीच्या आत. थंडी वाजून ताप, कंबरेत कळा, लघवीतून रक्त. सोनोग्राफीत उजवी किडनी सुजलेली दिसली आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले. एक्स-रे काढला तेव्हा कारण कळले. मूत्रनलिकेत ‘डीजे स्टेंट’ म्हणून ओळखली जाणारी प्लास्टिकची बारीक नळी होती आणि तिच्या दोन्ही टोकांवर, नळाच्या तोटीवर क्षार चढावेत तसे, खडे चढले होते.

“ही नळी कधी टाकली, दादा?”

“गणपतीच्या आधी, साहेब.”

“काढायला का आला नाहीत?”

“आलो होतो की. मशीन बंद हाय म्हणाले, महिन्यानं या म्हणाले. तवर टोळी निघाली. उचल घेतलेली व्हती, जावंच लागलं.”

डीजे स्टेंट हा तात्पुरता उपाय असतो. मुतखड्याने अडलेली लघवी वाहती राहावी म्हणून तो टाकतात आणि साधारण तीन महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात. या माणसाने तो सात महिने पोटात बाळगून ऊस तोडला. ज्या मशीनसाठी तो थांबला होता ते होल्मियम लेझरचे यंत्र. ते का बंद होते, यावर पुढे येतो. आधी या यंत्राच्या नावातल्या ‘होल्मियम’विषयी बोलू, कारण हा माणूस गावाकडून निघाला त्याच सुमारास ते नाव जगभरच्या बातम्यांत आले होते.

बातमीत न आलेला रुग्ण

९ ऑक्टोबर २०२५ रोजी चीनने पाच धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले : होल्मियम, अर्बियम, थुलियम, युरोपियम आणि यटर्बियम. त्याआधी ४ एप्रिलला सात धातूंवर असेच बंधन आले होते आणि त्यात यिट्रियम होते. हे सगळे दुर्मीळ मृदा, म्हणजे ‘रेअर अर्थ’ गटातले धातू. जगातील त्यांचे सुमारे ७० टक्के खाणकाम आणि ९० टक्क्यांच्या आसपास शुद्धीकरण चीनमध्ये होते. ऑक्टोबरअखेर ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची दक्षिण कोरियात भेट झाली आणि ऑक्टोबरच्या निर्बंधांना १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगिती मिळाली. एप्रिलचे निर्बंध मात्र उठले नाहीत.

या विषयावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. चर्चा झाली ती विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींची, पवनचक्क्यांची आणि क्षेपणास्त्रांची. ती योग्यच होती, कारण या धातूंचा मोठा वाटा चुंबकांत जातो. पण ऑक्टोबरची यादी वाचताना माझ्यासारख्या डॉक्टरला दुसरेच काही दिसते. होल्मियम मुतखडा फोडतो. थुलियम मुतखडा फोडतो आणि वाढलेली प्रोस्टेटही काढतो. अर्बियम चेहऱ्यावरचे व्रण आणि दातांची कीड काढायला वापरतात. एप्रिलच्या यादीतले यिट्रियम ज्या स्फटिकात असते, तो स्फटिक डोळ्यांच्या दवाखान्यातल्या ‘यॅग लेझर’चे हृदय आहे. ही यादी म्हणजे आमच्या शस्त्रक्रियागृहातल्या लेझर यंत्रांच्या सुट्या भागांचीच यादी म्हणायला हवी.

चीनच्या निर्बंधांमुळे माझ्या पाहण्यात एकाही रुग्णाची शस्त्रक्रिया अडलेली नाही. परवान्याचे बंधन म्हणजे बंदीही नव्हे. पण परवाना देणाऱ्याच्या हातात विलंब असतो, आणि आजारात विलंबाची काय किंमत पडते ते वरच्या रुग्णाने दाखवले आहे. म्हणून आपण किती परावलंबी आहोत आणि त्यातले किती टाळता येण्यासारखे आहे, हे स्थगितीची मुदत संपण्याआधी तपासलेले बरे.

स्फटिकात धातू करतो काय?

पहिला लेझर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये चालवला, तो माणकाच्या दांड्यातून. त्यातला प्रकाश देणारा घटक क्रोमियम होता. पुढच्याच वर्षी एलायस स्निट्झर यांनी काचेत निओडिमियम हा दुर्मीळ मृदा धातू मिसळून लेझर मिळवला. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तेच निओडिमियम यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या एका कृत्रिम स्फटिकात घातले गेले. या स्फटिकाचे पूर्ण नाव ‘यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट’, इंग्रजी आद्याक्षरांनी यॅग. साठ वर्षे उलटली तरी वैद्यकातले बहुतेक घन लेझर याच घराण्यातले आहेत. घर तेच राहते, भाडेकरू बदलतो. यॅगमध्ये निओडिमियम असले तर एक रंग, होल्मियम असले तर दुसरा, अर्बियम असले तर तिसरा. हे तिन्ही ‘रंग’ डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त आहेत.

भाडेकरू म्हणून हेच धातू का? कारण त्यांचे प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कक्षेत असतात आणि बाहेरच्या कक्षांतले इलेक्ट्रॉन त्यांच्याभोवती भिंतीसारखे उभे असतात. वाड्याच्या माजघरात बसलेल्या माणसाला रस्त्यावरचा गलका ऐकू येत नाही, तसे या इलेक्ट्रॉनांना स्फटिकाची थरथर फारशी जाणवत नाही. त्यामुळे दिव्याने किंवा डायोडने दिलेली ऊर्जा ते ‘बराच वेळ’ धरून ठेवतात. हा बराच वेळ म्हणजे निओडिमियमसाठी सेकंदाचा सुमारे चार हजारावा भाग. आपल्याला तो क्षणही वाटणार नाही. पण उत्तेजित झालेले बहुतेक अणू सेकंदाच्या अब्जांशांतच ऊर्जा सोडून देतात. त्यांच्या तुलनेत हे अणू संयमी आहेत.

हा संयमच कामाचा आहे. धरणाचे दरवाजे बंद ठेवून पाणी साठवावे आणि एकदम उघडावेत, तशी ऊर्जा साठवून एका झटक्यात सोडता येते. अशा झटक्यांनी चालणाऱ्या लेझरला स्पंदित लेझर म्हणतात. दरवाजे अचानक उघडण्याची युक्ती १९६२ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाली. आज डोळ्यांच्या लेझरमध्ये तीच वापरतात.

यातला हिशेब थक्क करणारा आहे. डोळ्याच्या यॅग लेझरचा एक झटका साधारण दोन मिलिज्यूलचा असतो. एक ग्रॅम वजन वीतभर उचलायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच ही. पण ती सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या पाचपट इतक्या वेळात सोडली की त्या वेळेपुरती शक्ती चार लाख वॅट होते. मुंगीच्या बळाची ऊर्जा, पण वेळ इतका कमी की केंद्रबिंदूवरच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तिथे सूक्ष्म स्फोट होतो. त्याच्या अगदी जवळच्या पेशींपलीकडे उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. शरीरात वापरायच्या हत्यारात डॉक्टरला हेच हवे असते : जिथे मारायचे तिथे जोर, शेजारी शांतता.

पडदा आणि खडा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी अनेक आजी-आजोबा परत येतात. म्हणतात, “पुन्हा मोतीबिंदू आला, डॉक्टर. भुरकट दिसतं.” मोतीबिंदू परत येत नाही. बसवलेल्या कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा धुरकट होतो. काही वर्षांत पाचातल्या एखाद्याला हे होते. १९८० च्या आसपास पॅरिसच्या दानिएल आरॉन-रोझा आणि बर्नचे फ्रान्झ फांकहाउझर यांनी स्पंदित यॅग लेझरने हा पडदा डोळा न उघडता फोडण्याची पद्धत रुजवली. त्याआधी त्यासाठी डोळ्यात पाते घालावे लागे. आज रुग्ण यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसतो, काही मिनिटांत पडद्याला खिडकी पडते आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसू लागते.

इथे एक गैरसमज दूर करतो. यॅग लेझरने मोतीबिंदू निघत नाही. फेको शस्त्रक्रियेत मोतीबिंदू फोडतात तो ध्वनिलहरींनी. ‘लेझरने मोतीबिंदू’ अशी पाटी दिसली तर नेमके काय करणार, हे विचारून घ्यावे.

मुतखड्यासाठी होल्मियम. त्याचा किरण पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आत शोषला जातो. मूत्रमार्गात सगळीकडे पाणीच असते. मग किरण खड्यापर्यंत जातो कसा? झटक्याचा पहिला भाग फायबरच्या टोकाशी वाफेचा बुडबुडा तयार करतो आणि उरलेला भाग त्या बुडबुड्यातून खड्यावर जाऊन पोचतो. परदेशी डॉक्टर याला समुद्र दुभंगणाऱ्या मोझेसचे नाव देतात. आपल्याला वसुदेवाला वाट देणारी यमुना आठवेल. फायबरचे टोक खड्यापासून थोडे जरी दूर झाले तरी किरण पाण्यातच विरतो, त्यामुळे मूत्रनलिकेच्या भिंतीला धोका कमी राहतो. केसाच्या तिप्पट-चौपट जाडीचे हे फायबर लवचिक दुर्बिणीतून किडनीच्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि तिथला खडा भुकटी करते. पोटावर छेद नाही आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी.

प्रत्येक खड्याला लेझर लागत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेकदा आपोआप पडतात. काही खडे बाहेरून ध्वनिलहरींनी फुटतात. मोठ्या खड्यांसाठी पाठीतून छिद्र पाडून करायची शस्त्रक्रिया आहे आणि हवेच्या दाबाने ठोके देणारे जुने यंत्रही आहे. पण ते कडक दुर्बिणीतूनच चालते, वळणापलीकडच्या खड्यापर्यंत पोचत नाही. आमच्या कामगाराचा खडा अशाच जागी होता.

लागते किती?

आता मूळ प्रश्न. एका लेझरला हे ‘दुर्मीळ’ धातू लागतात किती?

पेन्सिलीच्या जाडीचा, दहा सेंटिमीटर लांबीचा यॅगचा दांडा घ्या. त्याचे वजन भरते सुमारे चौदा ग्रॅम. त्यात यिट्रियम साडेसहा ग्रॅमच्या आसपास. निओडिमियमचे अणू यिट्रियमच्या जागी शंभरात एक या प्रमाणात असतात, म्हणजे वजन साधारण एक दशांश ग्रॅम. मुतखड्याच्या लेझरमधल्या दांड्यात होल्मियम याहूनही कमी असते आणि त्याच्या मदतीला घातलेले थुलियम अर्धा ग्रॅम धरा. जास्त ताकदीच्या यंत्रांत असे एकापेक्षा जास्त दांडे असतात, इतकेच.

हिशेब पुढे नेऊ. देशातले जिल्हे सुमारे आठशे धरले आणि प्रत्येक जिल्ह्यात असे दहा दांडे द्यायचे ठरवले तर आठ हजार दांडे लागतील. त्यांचे एकूण वजन सुमारे ११२ किलो होते. त्यात यिट्रियम ५२ किलो आणि निओडिमियम एक किलोपेक्षाही कमी. स्फटिक वाढवताना आणि कापताना बराच भाग वाया जातो, म्हणून हे आकडे दहापट करा. तरीही सगळा माल एका टेम्पोत मावतो.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उद्दिष्ट वर्षाला ६,००० टन चुंबकांचे. ते हवेच आहे. पण टनांच्या त्या गणितात रुग्णालयांना लागणारे ग्रॅम कोणाच्या नजरेला येत नाहीत. बाजाराच्या दृष्टीने एवढ्याशा मागणीसाठी कोणी कारखाना काढणार नाही. देशाच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ उलटा आहे : इतके थोडे लागत असेल तर त्यासाठी कोणाच्या परवान्याकडे डोळे लावून बसायची गरज नसावी.

वाळू आहे, मधल्या पायऱ्या नाहीत

भारताकडे कच्चा माल नाही असे नाही. अणुऊर्जा खात्याच्या सर्वेक्षणानुसार देशात १.३१५ कोटी टन मोनाझाइट आहे आणि त्यात ७२.३ लाख टन दुर्मीळ मृदा ऑक्साइड. केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यांची वाळू त्यासाठी प्रसिद्ध आहे. साठे असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचेही नाव आहे. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने त्याचे काम सरकारच्या ‘आयआरईएल’ या कंपनीकडे आहे. ओडिशातील छत्रपूरला ते वेगळे काढले जाते आणि केरळमधील अलुवा येथे त्याचे शुद्धीकरण होते.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली : आपल्या मोनाझाइटमध्ये हलके धातू भरपूर आहेत, जसे सेरियम, लँथेनम, निओडिमियम. होल्मियम, अर्बियम, थुलियम हे जड धातू काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. म्हणजे डोळ्याच्या लेझरचा भाडेकरू आपल्या वाळूत आहे, मुतखड्याच्या लेझरचा नाही. तो बाहेरूनच आणावा लागेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाळू ते लेझर हा रस्ता लांब आहे आणि अडचण त्याच्या मधल्या पायऱ्यांत आहे. हे पंधरा-सतरा धातू रासायनिक वागणुकीत एकमेकांचे सख्खे भाऊ. त्यांना एकमेकांपासून वेगळे करायला द्रावकांच्या शेकडो टप्प्यांतून न्यावे लागते. चुंबकाला चालणारी शुद्धता लेझरला चालत नाही. तिथे ९९.९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध ऑक्साइड लागते, कारण लोखंडाचा अंशसुद्धा प्रकाश गिळतो. शुद्धीकरणाच्या या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरही चीनने आधीपासून बंधने घातली आहेत.

मग स्फटिक. इरिडियम या महागड्या धातूच्या मुशीत मिश्रण जवळपास दोन हजार अंश सेल्सियसला वितळवतात. त्याला बीजस्फटिक टेकवून गोल फिरवत वर ओढतात, तासाला मिलिमीटरभरही नाही. हातभर स्फटिक वाढायला आठवडे जातात. मध्येच तापमान हलले, वीज गेली, तर स्फटिकाला तडा जातो आणि सगळे काम पहिल्यापासून. त्यानंतर कापणे, टोकांना पॉलिश करणे, त्यावर प्रकाश परत न फिरवणारा लेप चढवणे, हे प्रत्येकच वेगळे कसब आहे.

हे भारतात कोणालाच येत नाही असेही नाही. संरक्षण आणि अणुऊर्जा खात्यांच्या प्रयोगशाळांनी निओडिमियमचे यॅग स्फटिक वाढवले आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने बनवलेले स्पंदित यॅग लेझर आपल्या अणुभट्ट्यांमध्ये धातू कापण्याच्या कामाला लागले. माणसाने जवळ जाणे धोक्याचे, अशा जागी फायबरमधून किरण नेऊन त्यांनी काम केले. अणुभट्टीसाठी जे जमले ते जिल्हा रुग्णालयापर्यंत का पोचले नाही? कारण अणुभट्टीला पर्याय नव्हता. रुग्णालयासाठी निविदा काढली की आयात यंत्र मिळते. प्रयोगशाळेतला एक दांडा आणि दरवर्षी खात्रीने मिळणारे शंभर दांडे यांत जे अंतर आहे ते कोणी कापायचे, हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

यात संरक्षणाचाही पदर आहे. जो स्फटिक डोळ्याचा पडदा फोडतो तोच रणगाड्याच्या अंतरमापकात असतो. म्हणून अशा वस्तूंच्या निर्यातीकडे सगळेच देश संशयाने पाहतात, पाश्चात्त्य देशही. तेव्हा एका देशाऐवजी दुसऱ्याकडून घेतले की प्रश्न मिटला, असे समजू नये.

दिवा कोणी बदलायचा?

आता त्या बंद यंत्राची गोष्ट. ते चीनमुळे बंद नव्हते. त्याचा स्फटिक शाबूत होता. गेला होता तो स्फटिकाला ऊर्जा देणारा झेनॉनचा दिवा. हा दिवा ठराविक झटक्यांनंतर संपणारच असतो, स्कूटरचे ब्रेक-पॅड झिजावेत तसा. यंत्राची हमी संपली होती, देखभालीच्या कराराचे नूतनीकरण कागदावर अडकले होते आणि दिवा परदेशातून यायचा होता. अशा वेळी कोणा एकाची चूक काढता येत नाही, कारण फाइल प्रत्येकाकडे थोडे-थोडे दिवसच होती.

आमच्यासारख्या रुग्णालयांत मी असे अनेकदा पाहिले आहे. यंत्र आले की फीत कापली जाते. ते चालू ठेवायला काय लागेल, हे खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. लेझरला थंड पाण्याचे फिरते अभिसरण लागते, धूळ नसलेली खोली लागते, वरखाली न होणारा वीजपुरवठा लागतो आणि आरसा तसूभर हलला तर तो जागेवर आणणारा प्रशिक्षित माणूस लागतो. तो माणूस बहुतेक जिल्ह्यांत नाही. मुंबई किंवा पुण्याहून बोलवावा लागतो आणि कधी कधी त्याहून लांबून.

म्हणजे वरच्या टोकाला स्फटिक वाढवणारा नाही आणि खालच्या टोकाला दिवा बदलणारा नाही. या दोन्ही गोष्टींचा संबंध एकच आहे. आपण यंत्र विकत घेतो, यंत्राची विद्या घेत नाही. चीनचा परवाना अडला काय किंवा आपल्याच कार्यालयातली फाइल अडली काय, खाटेवरच्या माणसासाठी दोन्हीचा परिणाम सारखाच.

काय करता येईल

पहिले, साठा. होल्मियम, थुलियम, अर्बियम आपल्या वाळूत नाहीत, पण ते लागतात किलोंच्या हिशेबात. शुद्ध ऑक्साइड आणि तयार दांडे यांचा दहा वर्षांचा राखीव साठा एका खोलीत मावेल. ऑक्टोबरच्या निर्बंधांना स्थगिती आहे तोवर हे करणे सोपे आहे.

दुसरे, मधल्या पायऱ्या. चुंबकांच्या योजनेत किंवा महत्त्वाच्या खनिजांच्या राष्ट्रीय मोहिमेत लेझर दर्जाच्या ऑक्साइडसाठी आणि स्फटिकांसाठी लहानशी वेगळी तरतूद हवी. निओडिमियम आपले आहे. त्यामुळे सुरुवात डोळ्याच्या यॅग लेझरपासून करता येईल. त्याचे यंत्र लहान असते, दांडा लहान असतो आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे इतक्या होतात की मागणीची चिंता नाही. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये स्फटिकाऐवजी पारदर्शक सिरॅमिकचा यॅग लेझर चालवून दाखवला. भुकटी दाबून भाजण्याचा हा मार्गही आपल्या प्रयोगशाळांना खुला आहे.

तिसरे, खात्रीची खरेदी. प्रयोगशाळेतून निघालेल्या यंत्राला पहिला ग्राहक सरकारी रुग्णालयांशिवाय कोण असणार? पण ते यंत्र गुणवत्तेच्या कसोटीवर उतरलेले असले पाहिजे. स्वदेशी म्हणून रुग्णाच्या डोळ्यावर कमी दर्जाचे यंत्र वापरता येणार नाही, आणि ही अट कोणी सैल करू नये.

चौथे, आणि हे उद्यापासून करता येईल : लेझर खरेदीच्या प्रत्येक निविदेत निदान सात-आठ वर्षांची देखभाल, दिवे आणि फायबर यांची किंमत धरावी, आणि प्रत्येक विभागात दोन-चार बायोमेडिकल अभियंत्यांना लेझर दुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे. पॉलिटेक्निकमधून निघालेली आपली मुले हे काम उत्तम करतील.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्यात डायलिसिसला रांग आहे तिथे लेझरचे स्फटिक वाढवण्याच्या गप्पा कशाला? माझे उत्तर असे की ही यंत्रे आता चैनीची राहिलेली नाहीत. अडलेला खडा वेळेत फोडला तर ती किडनी डायलिसिसच्या रांगेत जात नाही.

आमच्या ऊसतोड कामगाराचे पुढे काय झाले? प्रतिजैविके देऊन आधी ताप उतरवला. यंत्र तोवर दुरुस्त झाले होते. यूरॉलॉजीच्या सहकाऱ्यांनी दोन टप्प्यांत, त्याच होल्मियम लेझरने, आधी नळीवरचे खडे फोडले, मग नळी काढली आणि मूळ खडा साफ केला. एरवी जे काम तासाभरात झाले असते त्याला दोनदा भूल द्यावी लागली. तो चालत घरी गेला. पण उजव्या किडनीचे काम पूर्ववत झालेले नाही आणि ते होईल असे मी त्याला सांगू शकलो नाही.

डिस्चार्जच्या कागदावर मी पुढच्या तपासणीची तारीख लाल शाईने लिहिली. वाचकांपैकी कोणाच्या पोटात, किंवा घरातल्या कोणाच्या, असा स्टेंट असेल तर तो टाकल्याची तारीख आजच पाहावी. तीन महिने होत आले असतील तर यंत्र चालू असो वा नसो, डॉक्टरांकडे जावे. लेझर मिळेपर्यंत निदान नळी बदलता येते. एवढे त्या माणसाला कोणी वेळेवर सांगितले असते तरी त्याची किडनी वाचली असती. ते सांगायला ना होल्मियम लागत होते, ना परवाना.